चवथीच्या आरतीत वाजलेला फोन

«ताई, नमस्कार. मी गोव्यातल्या डिचोलीचा, वय ४६. १९९९ पासून फॉक्सप्रो या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या भाषेत प्रोग्राम लिहितो. आता जवळजवळ सगळं व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ वर आहे, एका दुकानाचं मात्र अजून डॉसवर. अकरा सहकारी पतसोसायट्या, दोन हार्डवेअरची दुकानं आणि एक काजूचा कारखाना माझ्या सॉफ्टवेअरवर चालतात. बंगळुरूला असलेला भाचा म्हणतो, मामा, तुमची भाषा मेली. एक चेअरमन म्हणतात, नवीन काही नको, तू आहेस ना. दुसरे विचारतात, मोबाइलवर कधी दिसणार. गेल्या चवथीला आरती चालू असताना फोन आला: पिग्मीचा, म्हणजे रोजच्या छोट्या ठेवींचा, हिशेब जुळत नाही, स्क्रीनवर बरोबर आणि छापील यादीत ७०० रुपये जास्त. हातातलं घुमट, आमचं मातीचं वाद्य, खाली ठेवून मोटरसायकल काढली. एक नोंद पुन्हा टाकून ती वेळ निभावली, पण कारण कळलं नाही. सगळं नव्या भाषेत पुन्हा लिहून काढू? की पायथन शिकून नोकरी शोधू? की चाललंय ते चालू दे? बायको म्हणते, आधी पैसे नीट मागायला शीक. – फॉक्सवाला, डिचोली»

नमस्कार फॉक्सवाले,

तुमच्या घरातलं सगळ्यात शहाणं माणूस पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. तिच्याकडे मी नंतर येते. आधी भाचा, कारण तो अर्धा बरोबर आहे आणि अशा माणसाशी वाद घालायला जास्त वेळ लागतो.

नुसत्या वयाने भाषा मरत नाही. कोबोलचा पहिला आराखडा १९६० चा, म्हणजे ती मुक्त गोव्याहून वयाने मोठी. फॉर्ट्रान त्याहून जुनी, १९५७ ची. दोघींची नवी प्रमाणित आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. समुद्राच्या प्रवाहांचा अभ्यास करणारे जगभरचे लोक रॉम्स नावाचं जे मॉडेल वापरतात, ते फॉर्ट्रानमध्ये लिहिलेलं आहे. दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या फाटकाशी उभं राहून 'फॉर्ट्रान मेली' असं ओरडून बघायला भाच्याला सांगा. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषदेत कोबोल येणाऱ्यांना हाक दिली होती, कारण टाळेबंदीत बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला आणि ते पेलणारी यंत्रं चाळीस वर्षांहून जुनी होती. मी स्वतः मुंबईत कोबोलवर अकरा वर्षं पोट भरलं. त्यातली शेवटची तीन तर दोन आकडी वर्षांची चार आकडी करण्यात गेली.

भाच्याला एवढं ऐकवून गप्प करा, पण तुम्ही स्वतः त्यावर विसंबू नका. कोबोलमागे आयबीएम उभी आहे, आजही तिचा कंपायलर विकते आणि दुरुस्त करते. व्हिज्युअल बेसिक ६ चं लिहायचं साधन मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये सोडून दिलं, तरी त्यात लिहिलेले प्रोग्राम विंडोजवर चालतील एवढी जबाबदारी ठेवली. फॉक्सप्रोला असं कुणी नाही. नववी आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली, दहावी निघणार नाही हे २००७ मध्ये सांगून टाकलं, आणि १३ जानेवारी २०१५ ला उरलासुरला आधारही संपला. तुमचे प्रोग्राम ३२ बिटांचे आहेत म्हणून विंडोज ११ वर मुकाट चालतात, आणि माझ्या मते अजून बरीच वर्षं चालतील. पण एखाद्या सकाळी चालले नाहीत, तर दार ठोठवायला घर नाही. तुमची अडचण ही आहे. भाषेचं वय काढून भाचा भलत्याच ठिकाणी बोट ठेवतोय.

ते डॉसवरचं दुकान मात्र आधी हलवा. डॉसचे प्रोग्राम ६४ बिटांच्या विंडोजवर सरळ चालत नाहीत, विंडोज ११ ची ३२ बिटांची आवृत्तीच नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदाराचा जुना डबा जळला की त्याच दिवशी तुम्हाला बोलावणं येईल. तात्पुरती सोय म्हणून लोक डॉसबॉक्स लावतात. तो मुळात खेळांसाठी बनवलेला आहे, छपाईला रडवतो. धंद्याच्या प्रोग्रामांसाठी व्हीडॉस बरा, डॉट मॅट्रिक्सवर बिल नीट काढतो. पण ही सोय वर्षभरापुरती समजा. एका दुकानाचा माल आणि बिलं व्हिज्युअल फॉक्सप्रोत आणायला तुम्हाला महिना पुरेल, आणि तो महिना फुकट जाणार नाही.

आता या आठवड्यात करायचं काम, आणि ते शिकण्याआधीचं आहे. तुमच्याकडे ज्या सोर्स फाइली आहेत, त्यांच्यापासूनच त्या अकरा ठिकाणी चालणारे प्रोग्राम बनलेत का? "हो" असं पटकन म्हणू नका. मुंबईत एका गिऱ्हाइकाकडे मी एकदा व्याजातली चूक दुरुस्त करून नवा प्रोग्राम चढवला. दुसऱ्या दिवशी तीन जुन्या, कधीच मिटलेल्या चुका जिवंत होऊन परत आल्या. माझ्याआधीच्या माणसाने त्या जागेवरच, गिऱ्हाइकाच्या मशिनवर दुरुस्त केल्या होत्या आणि बदललेली फाइल ऑफिसात आणायची राहिली होती. तो तोवर मस्कतला. मी त्या साहेबांसमोर तासभर उभी होते, आणि चूक माझी नाही हे सांगायलाही तोंड नव्हतं, कारण चढवण्याआधी तपासणं माझंच काम होतं.

अकरा सोसायट्या म्हणजे तुमच्याकडे एका प्रोग्रामची अकरा रूपं असणार, पैजेवर सांगते. एकीला लाभांशाची वेगळी रीत, दुसरीला पासबुकाचा वेगळा आकार, आणि फोल्डरांची नावं 'नवीन', 'नवीन२', 'फायनल', 'फायनल खरं'. एकेका ठिकाणचं सगळं घरी आणा, आणि कुठली फाइल कधी, काय बदलली ते नोंदवणारं गिट वापरायला लागा. पीआरजी, म्हणजे प्रोग्रामच्या, फाइली साध्या मजकुराच्या, त्यांना काही करावं लागत नाही. फॉर्म आणि रिपोर्ट मात्र आतून टेबलंच असतात, त्यांच्यात काय बदललं ते गिटला वाचता येत नाही. त्यासाठी फॉक्सबिन२पीआरजी नावाचं मोफत साधन आहे, ते त्यांचा मजकूर करून देतं. ज्या ठिकाणचा सोर्स हरवलाच असेल तिथे रीफॉक्स चालत्या प्रोग्राममधून बराचसा परत काढतो. प्रोग्राम तुमचाच असेल तर करा, दुसऱ्याचा असेल तर आधी लेखी परवानगी.

बॅकअपबद्दल दोनच गोष्टी. डीबीएफबरोबर, म्हणजे डेटाच्या टेबलाच्या फाइलीबरोबर, त्याच नावाची एफपीटी गेली नाही तर मेमोतला, म्हणजे लांब टिपणांचा, सगळा मजकूर गेला समजा. आणि परत बसवून बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणू नका. जूनमध्ये पहिल्या गडगडाटाला वीज गेली की इंडेक्स तुटतात हे मी तुम्हाला काय सांगायचं; तुम्ही यूपीएसच्या बॅटरीवर किती वेळा ओरडला असाल.

पुढची गोष्ट जरा सावकाश वाचा.

वाय-टू-केचं संकट, म्हणजे दोन आकडी वर्षांमुळे २००० साली होणारा तारखांचा घोटाळा, आपण पार केलं असं आपल्याला वाटतं. खरं तर पुष्कळ ठिकाणी आपण ते पुढे ढकललं. १९९९ मध्ये घाईत कित्येकांनी प्रोग्रामच्या सुरुवातीला 'सेट सेंच्युरी टू १९ रोलओव्हर ३०' अशी एक ओळ टाकली आणि घरी जाऊन झोपले. तिचा अर्थ असा, की दोन आकडी वर्ष ३० किंवा त्याच्या पुढचं असेल तर ते एकोणीसशेतलं, त्याच्या आतलं असेल तर दोन हजारातलं. तेव्हा २०३० हे साल चंद्रावरचं वाटत होतं. आज तुमच्या सोसायटीच्या काउंटरवर पाच वर्षांची ठेव ठेवणाऱ्या आजीची मुदत त्या सालाच्या पलीकडे संपते. कारकुनाने मुदतीची तारीख दोन आकडी वर्षाने टाकली, की आजीची ठेव १९३१ मध्ये पिकून बसते. मग प्रोग्राम तिला मुदत संपलेली समजेल, किंवा उणे दिवसांचं व्याज काढेल, किंवा मुकाट्याने यादीतून गाळेल. तिन्हींत गाळणं सगळ्यात वाईट, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही.

घाबरून जाऊ नका, धोका कुठे आहे ते नीट ओळखा. डीबीएफमध्ये तारीख आठ आकड्यांनी साठते, पूर्ण वर्षासकट, म्हणून जुना डेटा शाबूत आहे. गोमंथ या महिने पुढे नेणाऱ्या फंक्शनने काढलेली मुदतही बरोबरच येते. घोटाळा दोन जागी होतो: माणूस दोन आकडी वर्ष टाइप करतो तिथे, आणि प्रोग्राम मजकुरातून सीटीओडीने तारीख बनवतो तिथे. पिग्मी एजंटच्या यंत्रातून येणारी फाइल याच दुसऱ्या प्रकारात येते. सगळ्या सोर्समध्ये सीटीओडी शोधा आणि एकेक जागा बघा. क्लिपर या दुसऱ्या डॉसकालीन भाषेत लिहिणाऱ्यांनी सेट इपॉक शोधावं. व्हिज्युअल बेसिक ६ वाल्यांची सीमाही तिथेच आहे, २९ पर्यंत दोन हजारातलं आणि ३० पासून एकोणीसशेतलं. आणि नुसता ३० चा आकडा ५० करून सुटका मानू नका. मग १९४८ साली जन्मलेले सभासद २०४८ मध्ये जन्म घेतील. काउंटरवर चार आकडी वर्ष टाकायची सक्ती करा. आठवडाभर कारकून शिव्या देतील, मग सवय होईल.

हे काम झालं की प्रत्येक सोसायटीला एक पानाचं पत्र द्या: अमुक दोष तपासला, अमुक जागी सापडला, अमुक तारखेला दुरुस्त केला. या पत्रामागून बिल जाऊ शकतं. तुमच्या बायकोला इथपासून बोलवा.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सगळं नव्याने लिहू का. एका झटक्यात मुळीच नको. माझं माहेर दिवाडीचं, खाजन शेताच्या काठावर. मानशीचं, म्हणजे बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या वाटेचं, लाकडी दार कुजलं की ते बदलायचं कधी, हे आमचे शेतकरी पंचांग बघून ठरवत, भांगाच्या दिवसांत, पाणी कमी चढतं तेव्हा. आणि एका वेळी एकच दार. सगळी मानस एकदम उपटली तर त्याच रात्री खारं पाणी शेतात. तुमच्या सोसायटीचं उधाण ३१ मार्चला येतं, त्याच्या मागेपुढे दोन महिने कशाला हात लावू नका.

लिहायला बसण्याआधी एक जाड वही घ्या. तुमच्या प्रोग्राममध्ये काय काय नियम दडलेत ते तुम्हालाही आता आठवत नसेल. उदाहरण देते. बँकांच्या बचत खात्यांवर रोजच्या शिलकीवर व्याज द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याआधी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक धरत. तुमच्या एखाद्या सोसायटीने बँकांचं बघून तेव्हाच रीत बदलली असेल, एखादीने चार वर्षांनी, एखादी अजून दहा तारीखच धरत असेल. ती तारीख आज फक्त तुमच्या एका 'इफ'मध्ये आहे. संचालक बदलले, सेक्रेटरी निवृत्त झाले, ठरावाचं बुक वाळवीने खाल्लं. सभासद क्रमांक दोनशेच्या आतला असेल तर अमुक फी माफ, असलाही नियम निघेल, आणि त्याचं कारण विचारायला संस्थापकांतलं कुणी राहिलेलं नसेल. प्रत्येक नियम साध्या मराठीत लिहा, समोर प्रोग्रामचं नाव आणि ओळ. मग सेक्रेटरींपुढे ठेवून विचारा: हे असंच हवंय ना? अर्ध्या ठिकाणी ते डोकं खाजवतील. त्यांची सही घ्या.

ही वही तयार झाली की तुमच्या हातात असं काहीतरी येतं, जे भाच्याच्या कंपनीतल्या शंभर जणांकडे नाही. ते नवं सॉफ्टवेअर तुमच्यापेक्षा चांगलं लिहितील, हे मान्य करून टाका. पण डिचोलीच्या सोसायटीत व्याज कसं लागतं ते त्यांना ठाऊक नाही.

मग क्रम असा ठेवा: आधी नुसतं बघायचं काम नव्यात, म्हणजे याद्या, उतारे, चेअरमनांना हवं ते मोबाइलवरचं शिल्लक-दर्शन. रोज रात्री डीबीएफमधला डेटा पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसमध्ये ओता आणि तिथून दाखवा. नोंदी जुन्याच प्रोग्राममध्ये होत राहतील, त्यामुळे बिघडलं तरी कुणाचे पैसे हलत नाहीत. ते वर्षभर नीट चाललं की मग नोंदीचे पडदे, एकेक. पिग्मी, ठेव, शेवटी कर्ज. प्रत्येक पाऊल टाकताना तीन महिने दोन्हीकडे नोंद करा आणि रोज संध्याकाळी दोन्ही तेरजा, म्हणजे जमा-नावेच्या बेरजांच्या याद्या, समोरासमोर ठेवा. तेरीज एका पैशाने जरी चुकली तरी कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

पैशांचं मुद्दाम बोलले, कारण चुकणार ते तिथेच. फॉक्सप्रोचं राउंड साडेबारा रुपयांचे तेरा करतं. सी शार्प आणि पायथन त्याच साडेबाराचे बारा करतात, कारण बरोबर मध्यावर आलेला आकडा ती जवळच्या सम संख्येकडे नेतात. साडेतेराचे मात्र चौदाच होतात. चार हजार खात्यांच्या व्याजात यातून किती रुपयांचा फरक पडेल ते तुम्हीच मोजा, आणि ऑडिटर विचारतील तेव्हा काय सांगायचं तेही. रुपये ठेवायला फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नका, डेसिमल (अचूक साठवणारा) वापरा, आणि मध्यावरचं वर न्यायचं हे शब्दांत सांगून घ्या.

दुसरी चूक नावांत होते. तुमच्याकडे सभासदांची मराठी नावं कुठल्या तरी जुन्या फॉन्टमध्ये साठलेली असणार. ती अक्षरं नव्हेत, चित्रांचे क्रमांक आहेत; फॉन्ट काढला की 'गावकर'च्या जागी कचरा दिसतो. युनिकोडमध्ये नेताना रूपांतर करणारे तक्ते मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा वेगळा, आणि एकाच सोसायटीत दोन फॉन्ट वापरलेले मी पाहिलेत. तपासायला दोन नावं घ्या, शिरोडकर आणि वेर्णेकर. पहिल्यात ऱ्हस्व वेलांटी आहे, जुना फॉन्ट तिला अक्षराच्या आधी साठवतो आणि युनिकोड नंतर. दुसऱ्यात रफार आहे, त्याचं उलट: जुन्यात अक्षराच्या नंतर, नव्यात आधी. ही दोन नावं सरळ उतरली तर बाकीची बहुतेक उतरतील. रोमन लिपीतल्या नावांत आपला गोव्याचा खास सापळा डिसोझांचा. 'डी'नंतर वर लटकणारा तो शेंडीवाला टिंब म्हणजे मजकूर संपल्याची खूण, असं एसक्यूएलला, डेटाबेसशी बोलायच्या भाषेला, वाटतं, आणि ती नोंद तिथेच मोडते. डिसोझा, डिमेलो, डिकॉस्टा असे निम्मे सभासद गळाले तर सोसायटीत मोर्चा येईल. वाक्य जोडून एसक्यूएल बनवू नका, किंमती पॅरामीटरने द्या, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही आणि चोरदारही बंद होतं.

शिकायचं काय? तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी. फॉक्सप्रोत तुम्ही वर्षानुवर्षं सिलेक्ट लिहिताय, म्हणजे एसक्यूएल निम्मं येतंच. उरलेलं निम्मं, जॉइनचे प्रकार आणि ट्रान्झॅक्शन, पोस्टग्रेसवर बसून पावसाळ्यात पक्कं करा. त्यानंतर एकच भाषा, दोन नको. डेटा हलवायला मी पायथन घेईन, डीबीएफरीड नावाची लायब्ररी डीबीएफ सरळ वाचते. एक खड्डा आधीच दाखवते: फॉक्सप्रोचा ओलेडीबी ड्रायव्हर फक्त ३२ बिटांचा आहे, ६४ बिटांच्या पायथनला तो दिसतच नाही, आणि माणूस दोन दिवस स्वतःला दोष देत बसतो. काउंटरचे विंडोजवरचे पडदे करायचे तर सी शार्प. कोबोलकडे वळायचा विचार मनात असेल तर सांगते, भाषा सहा आठवड्यांत येते, जीएनयू कोबोल फुकट मिळते, पण नोकरी भाषेवर मिळत नाही. जेसीएल, सीआयसीएस, डीबी२ हा आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवरचा सगळा संसार लागतो, आणि त्या नोकऱ्या पुण्या-चेन्नईला आहेत. अकरा सोसायट्या सोडून ४६ व्या वर्षी तिथे नवशिक्या म्हणून उभं राहायचं का, हे तुम्ही ठरवा. मी राहिले नसते.

एआयचंही विचाराल. जुना, टिपा नसलेला कोड समजावून घ्यायला ते खरंच चांगलं आहे. पाचशे ओळींचा प्रोसिजर पुढे टाकून 'यात काय चाललंय' विचारा, वहीचं काम निम्मं होईल. लिहून मात्र जपून घ्या, फॉक्सप्रोत नसलेली फंक्शन्स ते ठामपणे सांगतं. आणि सभासदांची नावं, खाती, आधार क्रमांक त्यात चिकटवायचे नाहीत. तो डेटा सोसायटीचा आहे, तुमचा नाही.

आता वहिनी.

"नवीन नको, तू आहेस ना" हे चेअरमनांचं वाक्य तुम्हाला गोड लागलं असणार. मला ऐकून काळजी वाटली. तुमच्याशिवाय ज्यांचं चालत नाही त्यांनी तुम्हाला भरपूर पैसे द्यायला हवेत, पण होतं उलटंच. सगळं तुमच्या डोक्यात आहे म्हणून काय काय काम चाललंय ते कुणाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामाला वर्षाच्या देखभालीचे तेच जुने पैसे. तुम्ही आजारी पडलात तर? मोटरसायकलवरून घसरलात तर? हे प्रश्न चेअरमनांनी विचारायला हवेत, पण तुम्हीच त्यांच्यापुढे ठेवा, संचालक मंडळाच्या बैठकीत, लेखी.

करार नवा करा. त्यात तीन गोष्टी वेगळ्या लिहा. रोजची देखभाल, तिची वेळ आणि सुट्टीचे दिवस ठरलेले. कायद्यातले किंवा व्याजाच्या रीतीतले बदल, त्यांचं वेगळं बिल. आणि डेटा नव्या यंत्रणेत नेण्याचं काम, ते स्वतंत्र काम म्हणून. सोर्स आणि ती वही दर सहा महिन्यांनी पाकिटात घालून सोसायटीच्या तिजोरीत ठेवा. तुमचं काही बरंवाईट झालं तरच ते फोडायचं, असंही करारात. बऱ्याच जणांना भीती वाटते की असं केलं तर आपली गरज संपेल. माझा अनुभव वेगळा आहे. आपण पळून जाणार नाही याची खात्री पटली, की समोरचा दराबद्दल कमी घासाघीस करतो. पॉलिटेक्निकमधून नुकतीच बाहेर पडलेली एखादी हुशार मुलगी सोबत घ्या. फॉक्सप्रो तिला आवडणार नाही, पण पायथनचं काम तिला द्या आणि फोन आठवड्याआड वाटून घ्या.

तिसऱ्या गोष्टीला गिऱ्हाईक आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्था एकाच राष्ट्रीय सॉफ्टवेअरवर आणायची २,५१६ कोटींची योजना मंजूर केली आणि ते सॉफ्टवेअर नाबार्डकडे सोपवलं. तुमच्या अकरांत एखादी विकास सोसायटी, म्हणजे अशी कृषी पतसंस्था, असेल तर आज ना उद्या ती तुमच्या हातून जाऊ शकते, हे मनाशी धरा. पण जाताना तिची वीस वर्षांची खाती, थकबाकी, जामीनदार, सगळं नव्या साच्यात नीट बसवून द्यायला कुणीतरी लागतं. बाहेरून आलेला माणूस तुमच्या 'एमएसटी२' टेबलातल्या 'फ्लॅग३'चा अर्थ कुठून सांगणार? तो अर्थ वहीत आहे, आणि वही तुमची. तेव्हा गिऱ्हाईक जातंय म्हणून रुसून फोन बंद करू नका. दर सांगा.

राहिला चवथीचा तो फोन. ७०० रुपये कुठून आले ते मला इथे बसून दिसत नाही, पण अंदाज बांधते. फॉक्सप्रोत डिलीट केलेली नोंद जात नाही, तिच्यावर फक्त खूण होते, पॅक करेपर्यंत ती तिथेच असते. प्रोग्रामच्या सुरुवातीला तुम्ही सेट डिलिटेड ऑन लिहिलंच असेल. पण ते त्या त्या डेटा सेशनपुरतं असतं. फॉर्म किंवा रिपोर्ट प्रायव्हेट डेटा सेशनमध्ये उघडला, की तिथे ते पुन्हा ऑफ. म्हणून स्क्रीनवर बरोबर आणि छापील यादीत खोडलेली नोंदही मोजलेली. त्या दुपारी काउंटरवर कुणी ७०० ची चुकीची पिग्मी टाकून खोडली होती का, ते विचारा. तसं निघालं तर रिपोर्टच्या डेटा एन्व्हायर्नमेंटच्या इनिटमध्ये ती एक ओळ टाका. आणि हात तिथे आहेच तर सेट सेंच्युरीही बघून घ्या, तीही प्रत्येक सेशनला वेगळी असते.